बाही नसलेला खेळ

हुसेनमियाँच्या इकाम्यावर, सौदीत राहायच्या परवान्यावर, धंदा लिहिला होता ‘खय्यात’, म्हणजे शिंपी. रत्नागिरीहून सौदीला यायच्या वेळी एजंटाकडे तेवढाच व्हिसा उरला होता. प्रत्यक्षात त्यांनी सुईत कधी दोरा ओवला नव्हता. जुबैलमध्ये गोऱ्या इंजिनियरांच्या कंपाउंडमधला क्लब ते सांभाळायचे. रॅकेटी द्यायच्या, ओले टॉवेल परत घ्यायचे, कुणी मागेल ते चॅनल लावायचं. फोन आला की घसा साफ करून म्हणायचे, “हॅलो, रिक्षेशन.” रिक्रिएशन म्हणायचं असायचं. आमच्या घरी आजही फोन तसाच उचलला जातो.

मग क्लबातल्या टेबलाचंही सौदीकरण ठरलं, म्हणजे तिथे आता सौदी माणूस बसणार. ऑफिसातला हम्माद, हसतमुख पोरगा, स्वतः सांगायला आला.

“हुसेन, इकामा शुफ. इन्ता खय्यात. कॅम्प में खय्यात का कुर्सी खाली. इन्ता सिलाई मालूम, बैठो. सिलाई माफी मालूम, खलास, खुरूज.”

इन्ता म्हणजे तू, माफी म्हणजे नाही, आणि खुरूज म्हणजे कायमचं घरी. हम्माद मार्चअखेर काम बघायला येणार होता.

हुसेनमियाँ क्लबातून थेट आमच्याकडे आले. अम्मी कंपाउंडच्या बायकांचे कपडे शिवते.

“जुबेदा बाय, मना शिंपी कर.”

“आता? या वयात?”

“इस्मतचा नर्सिंगचा एक वरस उरलाय. तवर मी हितं टिकलो पायजे. मंग खुशाल धाडूदेत.”

इस्मत त्यांची एकुलती एक लेक. अम्मीने मशीनवरचं कापड काढलं आणि स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

सरळ शिवण त्यांना हळूहळू जमली. बाही मात्र जमेना. खांद्याचा मुंढा आणि बाही यांचं त्यांच्या हातून काही जुळायचंच नाही. पहिला शर्ट त्यांनी स्वतःसाठी शिवला आणि घालून दाखवला. उजवा हात टॅक्सी थांबवल्यासारखा वर.

“हात खाली करा ना, भाई,” अम्मी म्हणाली.

“मी केलाय गो. शर्टान वर ठेवलाय.”

त्याच सालच्या, म्हणजे २०१७च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियात बायकांच्या फुटबॉलची मोठी लीग पहिल्यांदा सुरू झाली. हा त्यांचा तिकडचा फुटबॉल. चेंडू लांबट, मैदानही लांबट, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या खांबांतून मारला तर सहा गुण, थोडा हुकून बाजूच्या खांबांतून गेला तरी एक. पहिला सामना शुक्रवारी दुपारी लागला तेव्हा कंपाउंडच्या साऱ्या ऑस्ट्रेलियन बायका क्लबात. हुसेनमियाँचा एक डोळा पडद्यावर, एक घड्याळावर, कारण जुम्म्याची नमाज चुकवायची नव्हती.

“हुकला तरी एक?” त्यांनी मला परत परत विचारून घेतलं. “रहमदिल खेल हाय गो.”

त्या बायकांची पुढारी शेरन. ॲडलेडची, नाकात बोलणारी, ‘डे’चा ‘डाय’ करणारी. बघता बघता बायकांनाही हुरूप आला. फायनलच्या शनिवारी आपणही कंपाउंडात सामना खेळायचा असं ठरलं, आणि शेरन टेबलाशी आली.

“हूसाईन, वी प्लाय ऑन सॅटरडाय. वी नीड जर्सीज, माइट.”

तिने पडद्याकडे बोट दाखवलं. हुसेनमियाँनी त्या धावणाऱ्या पोरींकडे मान वाकडी करून पाहिलं. मापं घ्यायला आलेल्या अम्मीच्या जवळ येऊन हळूच म्हणाले, “जुबेदा बाय, यांना बाह्या नायत.”

अम्मीने कापून दिल्या, त्यांनी शिवल्या. काही शिवणी वाकड्या गेल्या, त्या उसवून परत घातल्या.

फायनल ॲडलेड आणि ब्रिस्बेन या संघांत झाली. दोघांचे गोल सारखे. ॲडलेड जिंकलं ते हुकलेल्या मारांच्या गुणांवर. शेरन रडली. हुसेनमियाँ म्हणाले, “ही माझी टीम.” संध्याकाळी बायका त्यांनी शिवलेल्या जर्स्या घालून चिखल नसलेल्या मैदानात यथेच्छ लोळल्या.

रविवारी हम्माद आला. धुतलेल्या जर्स्या आणि त्या शिवायला तिथे नेलेलं मशीन परत घ्यायला अम्मी आणि मी क्लबातच होतो. त्याने एक उचलली, मुंढ्यातून स्वतःचा हात घालून पलीकडे काढला.

“हुसेन, इसका हाथ किधर?”

“ये खेल में हाथ माफी, साब.”

हम्मादने भिंतीवरचं त्या खेळाचं पोस्टर पाहिलं. त्यातल्या पुरुषांनाही बाह्या नव्हत्या. त्याने जर्सी उलटी केली आणि शिवण दोन्ही हातांनी ओढली. अम्मीने माझं मनगट धरलं. शिवण धरून राहिली.

“यल्ला, मेरे सामने सिलाई.”

हुसेनमियाँनी एका उरलेल्या जर्सीचं कापलेलं कापड मशीनखाली घातलं. शिवण सरळ शेवटपर्यंत नेली. हम्मादने दोरा तोडला, कापड उजेडात धरलं.

“तय्यब, अच्छा. इन्ता खय्यात.”

हुसेनमियाँ उठून उभे राहिले. “शुक्रन, साब.”

हम्माद दारापर्यंत गेला आणि वळला. “मेरा वास्ते भी एक. लेकिन हाथ के साथ. अगला जुम्मा.”

“इन्शाल्ला.”

दार लागलं. हुसेनमियाँ परत मशीनपाशी बसले.

“जुबेदा बाय, ती बाही दाकव परत.”

“आधी तो टॅक्सीवाला शर्ट आणा,” अम्मी म्हणाली. “उसवू या.”