नाथाजीच्या मशीनचा पाचवा नारळ

नाथाजी हवालदार चोवीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपमध्ये काढून उंब्रजजवळच्या आमच्या गावी परतला, तेव्हा गावाने हलगी लावून त्याची मिरवणूक काढली. सगळ्यांत जास्त आनंद त्याच्या बायकोला, अनसूयावहिनींना झाला होता. तो साधारण आठ दिवस टिकला.

नवव्या दिवशी हवालदार स्वयंपाकघरात शिरला. तो दूर असताना या बाईने तीन एकर ऊस, दोन म्हशी, सासूचं आजारपण आणि लेकीचं लग्न एकटीने निभावलं होतं. तिला तो आता डाळ कशी निवडावी ते शिकवू लागला. सकाळी सहाला डब्यांची तपासणी. कढया उंचीप्रमाणे रांगेत. वहिनी भाकरी थापायला बसल्या की हा मागे हात बांधून उभा, आणि म्हणणार, "हितं जरा जाड झाली."

वहिनी माझ्या गिरणीत दळण घेऊन आल्या की रडकुंडीला यायच्या. "तात्याबा भावजी, ह्यास्नी कायतरी कामाला लावा. न्हाईतर मी म्हायेरला जाते."

चाळिशीत माहेरी जायचं म्हणजे भावाच्या सुनेच्या हाताखाली राहायचं, हे त्यांनाही कळत होतं. म्हणून मीच नाथाजीला वेल्डिंगचं दुकान सुचवलं, तेही माझ्या गिरणीला लागून असलेल्या शेडमध्ये, आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

विट्याहून जुनं मशीन आलं. विकणारा म्हणाला होता, "बारीकसा फॉल्ट हाय." म्हणजे मशीन चालत नव्हतं, एवढंच. पण नाथाजी कसबी गडी. आतली कॉईल जळाली होती. त्याने नवी तांब्याची तार स्वतः गुंडाळली, वॉर्निश दिलं, उन्हात वाळवलं आणि ठिणगी पाडून दाखवली. दुसऱ्या दिवशी पूजा. फौजी शिस्तीप्रमाणे नाथाजी सावधानमध्ये, डोळे घट्ट मिटून. वहिनींनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मी खोबरं खाल्लं.

तिसऱ्या दिवशी धडाम. लाईन एकच असल्यामुळे माझी गिरणीही बंद पडली.

मशीन उघडलं तर आत ओल, गंज आणि कुंकवाचे ओघळ. "आधीचा मालक लय देवभोळा दिसतोय गड्या. पार आतपातूर कुंकू!" नाथाजीने त्याला फोनवर झापलं. तो बिचारा म्हणाला, मी मशीनला साधी उदबत्तीसुद्धा कधी ओवाळली नाही. माणूस खोटारडा आहे, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. नव्या तारेवर जुन्या मालकाचं कुंकू कसं, हा प्रश्न फौजेच्या कारागिराला पडला नाही आणि मलाही नाही.

आठ महिन्यांत हेच चार वेळा झालं. नाथाजीने शेडचे पत्रे बदलले, अर्थिंग नवं घातलं, मशीनला प्लॅस्टिकची झूल शिवली. लोक त्याला फ्यूजवाला हवालदार म्हणू लागले. मशीन बंद पडलं की तो घरी, आणि घरी म्हणजे स्वयंपाकघरात. वहिनी बॅग भरून ठेवायच्या आणि मशीन दुरुस्त झालं की रिकामी करायच्या. दरवेळी पूजा मात्र आणखी मनापासून करायच्या.

पाचव्या पूजेला पेढ्यांवरची माशी नाथाजीच्या नाकावर बसली. सावधानमध्ये हात हलवता येत नाही, म्हणून त्याने नुसते डोळे उघडले. वहिनी नारळाचं पाणी मशीनच्या झाकणावर, हवेच्या फटींतून, सावकाश ओतत होत्या.

"अगं, अगं! पानी कुठं वततीस?"

"मशीनवर. मग काय चुलीत वतू?"

"दरवेळी वततीस?"

"व्हय. एक थेंब वाया जाऊ देत न्हाई."

नाथाजीचा चेहरा लालबुंद झाला. "आट म्हैनं मी पत्रं बदलतोय! कशापायी एवढी भक्ती?"

वहिनींनी करवंटी खाली ठेवली. "तुमी दिसभर भाईर ऱ्हावं म्हणून. माजं घर मला माजं वाटंना झालंय."

नाथाजी एवढ्या वेळात सावधानमधून विश्राममध्येही आला नव्हता. तो तसाच खाली बसला. त्या क्षणी मला त्याची फार दया आली, आणि आठ महिने मनात त्याला शिव्या घातल्याची लाजही वाटली.

मशीन चार दिवस उन्हात वाळलं. तेव्हापासून ते एकदाही बंद पडलेलं नाही. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर असल्यामुळे ट्रॉल्यांची रांग लागली.

काल दुपारी मी त्यांच्या सोप्यात चहाला बसलो होतो. नाथाजी शेडवरून आला, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबला.

"आत येऊ का?"

वहिनींचा भाकरी थापणारा हात थांबला. चोवीस वर्षांत सुट्टीवर येतानासुद्धा त्याने हे कधी विचारलं नव्हतं. मग पाट पुढे सरकवून म्हणाल्या,

"या की. पण बसा. उभं ऱ्हाऊ नका."