पोवळ्याची भिंत

मी नौदलात डायव्हर होतो असं नागपुरात सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "समुद्र कुठं, आपण कुठं? पोहणं काय अंबाझरी तलावात शिकले जी?" मी त्यांना हसू देतो. माझं शेवटचं पोस्टिंग लक्षद्वीपमधल्या एका लहान बेटावर होतं. मी पेटी ऑफिसर, डायव्हिंग टीमचा सुपरवायझर. टीममध्ये आपल्याच नागपूरजवळच्या कन्हानचा लीडिंग सीमन नीलेश भोयर होता. वडील कोळसा खाणीत, पोरगा नदीत पोहायला शिकलेला. ड्युटीवर तो मला 'सर' म्हणायचा, जेवायला बसलो की 'दादा'.

बेटाभोवती प्रवाळाची, म्हणजे पोवळ्याची, भिंत होती. आपल्याला पोवळं माहीत ते इतवारीतल्या सराफाकडचं, मंगळासाठी बोटात घालायचं. भोयरच्या आईनेही त्याला तशी अंगठी करून दिली होती. पण अंगठी घालून पाण्यात उतरायचं नाही, कुठे अडकली तर बोट जातं. त्यामुळे उतरण्याआधी तो ती माझ्या हातात द्यायचा. मी खिशात टाकून चेन लावायचो.

काम रुक्ष होतं. ब्रीफिंग, सामानाची तपासणी, मग बुडी मारून नांगराच्या साखळ्या पाहणं. पण खाली जे होतं त्याने मी येडा झालो. प्रवाळ म्हणजे इवले जीव, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या घरांवर घरं रचत बसलेले. त्यात कासवं, शिंपले, निळेहिरवे पोपटमासे. हा मासा प्रवाळ कुरतडतो आणि मागून रेती सोडतो.

"दादा, आपण ज्या रेतीवर लोळतो ना, ते या माशाचं हागलं हाये," भोयर म्हणाला.

बेटावरच्या लोकांचं पोट त्या माशांवर आणि घरं त्या भिंतीच्या आडोशाला. बाहेर समुद्र कितीही उसळला तरी लाटा भिंतीवर फुटायच्या. आतल्या उथळ पाण्यात होड्या नुसत्या डुलायच्या.

मग एका उन्हाळ्यात समुद्राचं पाणी तापलं ते निवेचना. प्रवाळ पांढरंफटक पडलं. पुढे त्यावर शेवाळ चढलं, मासे कमी झाले, आणि हात लागला तरी फांद्या मोडू लागल्या.

भोयरने वर येऊन मास्क काढला. "दादा, हे मेलं जी सारं."

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी वादळ आलं. सकाळची वेळ. भिंत एका जागी खचली होती, तिथून लाटा न फुटता सरळ आत शिरल्या. आतल्या पाण्यात मच्छीमारांची बोट उलटली. तिघे तिला धरून होते आणि परतणारं पाणी त्यांना खचलेल्या जागेकडे ओढत होतं. आमची टीम जेट्टीवर होती, मी वायरलेस उचलला.

"कंट्रोल, डायव्ह वन. तीन माणसं पाण्यात. ओव्हर."

"डायव्ह वन, रेस्क्यू बोट निघते आहे. थांबा. ओव्हर."

"थांबता येणार नाही. स्विमर सोडतो. आउट."

भोयरने अंगठी काढून दिली. कमरेला दोर बांधला, दुसरं टोक माझ्या हातात.

"येतो, सर."

पहिल्याला आणलं. दुसऱ्याला आणलं. तिसरा म्हातारा होता, त्याला धरून राहता येत नव्हतं. भोयरने आपलं लाइफ जॅकेट त्याच्या अंगात चढवलं. तेवढ्यात भिंतीवरून मोठी लाट आली. दोर ताणला, आणि एकदम हलका झाला. मेलेल्या प्रवाळाच्या धारेवर तो कापला गेला होता. म्हातारा तरंगत आमच्याकडे आला. भोयर संध्याकाळी सापडला, भिंतीच्या पायथ्याशी.

त्याला घेऊन मीच कन्हानला आलो. तेरवी झाल्यावर त्याच्या आईने विचारलं, "त्याच्या बोटात पोवळं होतं ना?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. मग खिशातून अंगठी काढून तिच्यापुढे ठेवली.

"नाही, काकू. पाण्यात उतरताना काढावी लागते. माझ्याजवळ होती."

ती चिडेल, मला घालवून देईल, असं वाटलं. तिने अंगठी उचलून तळहातावर घेतली.

"फोनवर सांगे मले, 'आई, हा खडा नाही वं, जीव हाये.' म्या म्हटलं, जीव हाये म्हणूनच तर ते तुले राखते."

तिने कधी समुद्र पाहिला नव्हता. तिला मी सगळं सांगितलं: भिंत काय राखत होती, पाणी कसं तापलं, ती कशी मेली.

"म्हंजे आधी ते मेलं," ती म्हणाली, "मंग माझा पोरगा."

"हो, काकू."

आता शाळांमध्ये बोलावतात तेव्हा मुलांना मी आधी पोपटमाशांचं आणि कासवांचं सांगतो. मग नाव सांगतो, लीडिंग सीमन नीलेश भोयर, कन्हान. आणि त्याच्या आईने लावलेला क्रम बदलत नाही. आधी भिंत गेली, मग तो.