हरणाऱ्याचं नाव

२००८च्या आर्थिक क्रॅशच्या पुढच्या वर्षी आम्ही शारजाला, अल मजाजमध्ये राहत होतो. मुलगी अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत आठवीत होती. अमेरिकेतल्या एका राज्याच्या विधानसभेची जुनी निवडणूक त्यांना वर्गात करून दाखवायची होती. जुन्या पक्षाची सत्ता जाऊन नव्याची आली, ती निवडणूक. मत गुप्त नसायचं. सगळ्यांसमोर उभं राहून उमेदवाराचं नाव मोठ्याने घ्यायचं. मुलगी झाली होती सुतार. जुन्या पक्षाच्या उमेदवाराने त्या सुताराला अडचणीत आधार दिलेला, पण जमलेली गर्दी नव्या पक्षाची.

"बाबा, हूम शुड आय चूज?"

"जिंकणाऱ्याचं नाव घे," मी लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणालो.

त्याच आठवड्यात ऑफिसात नव्या मॅनेजरने आम्हा पाच सेक्शन हेडना बोलावलं. प्रोजेक्ट बंद पडत होते, एक सीनियर इंजिनियर कमी करायचा होता. "एकेकाने नाव सांगा." चौघांनी एकच नाव सांगितलं. तो जुन्या मॅनेजरच्या मर्जीतला होता. मी नवखा असताना याच माणसाने मला तीन महिने आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. माझ्या मताची गरजही उरली नव्हती. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी त्याचंच नाव घेतलं.

व्हिसा कॅन्सल झाल्यावर तो आणि वहिनी निरोप घ्यायला घरी आले. मुलगी त्याच दिवशी शाळेतलं मतदान करून आली होती.

"काका, आय व्होटेड फॉर द लूझर! एव्हरीवन लाफ्ड."

"शाब्बास," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "मीटिंगमध्ये तू तरी बोलला असशील ना रे माझ्यासाठी?"

"प्रयत्न केला," मी म्हणालो.

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला काही ठाऊक नव्हतं, तरी मी चहा बघायला म्हणून आत गेलो.

वर्षभरात तो नवा मॅनेजरही गेला आणि पाठोपाठ माझीही नोकरी गेली. कुणाकडून तरी कळल्यावर नाशिकला परतलेल्या त्या इंजिनियरचा फोन आला. "आमच्याकडे एक जागा आहे. मी शब्द टाकतो. ये."

माझं दुसरीकडे ठरलंय, असं मी त्याला सांगितलं. कुठेही काही ठरलं नव्हतं.