दोनच कारखान्यांचा रकाना

"यात कोण दिसतंय?" कोणताही तक्ता समोर ठेवला की बाईंचा पहिला प्रश्न हाच. आकडे बरोबर आहेत का, हे त्या नंतर विचारायच्या.

सुरतच्या आमच्या आकडेवारीच्या कार्यालयात त्या माझ्या वरिष्ठ. मूळच्या अमळनेरच्या. चष्मा कपाळावर सरकवून, डोळे चोळत बोलायच्या. तेच तेच समजावून थकलेली अशी माणसं तुमच्याही कचेरीत असतील.

आम्ही कारखान्यांकडून उत्पादन, खर्च, मजुरी अशी माहिती घेत असू. एकट्याचा आकडा बाहेर जाणार नाही, असा शब्द देऊन. छापायची ती फक्त बेरीज. पण एखाद्या रकान्यात दोनच कारखाने असले, तर एक जण बेरजेतून आपला आकडा वजा करतो आणि दुसरा उघडा पडतो. तिथे बाई आकड्याऐवजी रेघ मारायच्या. एकूण बेरजेवरून तो आकडा निघू नये म्हणून शेजारचा रकानाही झाकायच्या. वरून फोन यायचा, तक्त्यात नुसत्या रेघाच का? बाई पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या.

एका वर्षी वरच्यांनी ऐकलं नाही. जरीच्या धाग्याचा रकाना उघडाच छापला गेला. त्यात दोनच कारखाने होते. त्यातल्या मोठ्या कारखान्याने वजाबाकी केली, धाकट्याला माल कितीला पडतो ते ओळखलं आणि त्याच्याही खाली भाव लावून त्याची गिऱ्हाइकं ओढली.

धाकट्याचा मालक बाईंच्याच भागातला, धरणगावकडचा. त्याची माहिती बाईंनीच घेतली होती. त्याने पांडेसऱ्यातल्या आपल्या कारखान्यातली यंत्रं विकायला काढल्याचं कळलं, तेव्हा कोणी न पाठवता त्या मला घेऊन त्याच्याकडे गेल्या. आमच्याच तक्त्यातून हे झालं, असं सरळ सांगितलं. तो रागावला नाही. चहा मागवला. मग म्हणाला, "ताई, मी सरकारला नव्हतं सांगितलं. तुम्हाला सांगितलं होतं."



त्यानंतर कारखान्यांत गेल्या की त्या म्हणायच्या, "माझ्या हातात आहे तेवढं झाकेन. पुढचं मला सांगता येत नाही." काहींनी माहिती द्यायचं बंद केलं. साहेब चिडले. बाईंनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली.

आता मी फिरतो. परवा कापड रंगवायच्या एका डाइंगच्या मालकाने माहितीचा कागद भरता भरता विचारलं, त्या ताई कुठे असतात? निवृत्त झाल्या, म्हणालो. त्याने पेनाला टोपण लावलं, पंखा थोडा वाढवला. "बसा," म्हणाला. कागद अर्धाच राहिला.