उत्तरदाती क्रमांक एकोणीस

प्रबंधाची पानं मोजून असतात. पण तो लिहिता लिहिता जे घडतं, त्याला कुठलं आलंय प्रकरण न् कुठली आलीय तळटीप! ते सगळं आमच्या डोक्यात साचत जातं आणि विद्यापीठासमोरच्या टपरीवर, चहा आला की बाहेर पडतं. मी, वनिता आणि प्रफुल्ल. तिघांचे विषय वेगळे, गाईड वेगळे, टपरी एक. त्यातले काही किस्से सांगतो. थोडी बढाई होईल, ती चालवून घ्या. आमच्याकडे बढाई मारायला तसं कोणी येत नाही, आम्हालाच मारावी लागते.

०००

सुरुवात माझ्यापासूनच. मी मूल तालुक्यातला, घरी धानाची शेती. पीएचडीला लागून सहा वर्षं झाली, तेव्हा बाबांनी एकदा सरळच विचारलं, "काऊन रे, अजून त्याच वर्गात हायेस?"

मी समजावलं, "बाबा, याला वर्ग नसतात. एकच विषय घ्यायचा आणि खोल खोल जायचं."

बाबांनी विचार केला. म्हणाले, "विहीर खोदाले बी इतके दिवस नाई लागत. पाणी लागलं का नाई, तेवढं सांग!"

सहा वर्षांत इतका नेमका प्रश्न मला गाईडनंही विचारला नव्हता.

०००

प्रफुल्ल कोरपन्याचा. कापसाच्या शेतातली माती हा त्याचा विषय. बेचाळीस शेतांतली माती त्यानं बेचाळीस पुड्यांत बांधून, नावं टाकून, घरच्या पडवीत ठेवली आणि तो चार दिवस नागपूरला गेला. परत आला तर पडवी स्वच्छ!

"आई, माती कुठी गेली?"

"कुंड्यात टाकली. मेथी लावली. इतकी चांगली माती पुडक्यात बांधून ठेवते का कोणी?"

प्रफुल्ल मटकन खाली बसला. बेचाळीस शेतं पुन्हा फिरायची म्हणजे एक अख्खा हंगाम गेला! आईला वाईट वाटलं. म्हणाली, "रडू नको बापा. मी येतो तुयासंगं."

आणि खरंच आली. बेचाळीसही शेतांवर. एवढंच नाही, तर माती हातात घेऊन, चोळून, हुंगून प्रत्येक शेताबद्दल बोलत गेली. इथे पाणी थांबते, इथे कापूस लवकर लाल पडते. प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा प्रफुल्लनं आईचं बोलणं त्याच्याशी ताडून पाहिलं. तीन शेतं सोडली तर सगळं जुळलं. आईला ते सांगितलं, तर म्हणाली, "मंग त्या तीन शेतांचं पुन्हा तपासाले सांग त्यायले!"

०००

वनिता पुण्याला एका परिषदेत पेपर वाचून आली. तिचा विषय आमच्या गावतलावांवर मासोळी धरणाऱ्या बायका. ती स्वतः ढिवराच्या घरची, आई अजूनही तलावात उतरते. पेपर झकास झाला. प्रश्नोत्तरात एक बाई उठल्या.

"तुमच्याकडे जंगलात वाघ खूप असतात ना? भीती नाही वाटत?"

दुसरे गृहस्थ उठले, त्यांचाही प्रश्न वाघावरच. तिसऱ्यांनी तर जिप्सीचं बुकिंग कसं करायचं ते विचारलं!

वनितानं माईक जवळ घेतला. "वाघ आहेत, सर. पण त्यांनी माझा पेपर तरी ऐकून घेतला असता."

हे तिनं आम्हाला टपरीवर सांगितलं तेव्हा प्रफुल्लनं स्वतःहून चहाचे पैसे दिले. वनिताच्या उत्तराइतकीच ती घटना दुर्मीळ होती!

०००

मी तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे तास असला तर प्राध्यापक, नसला तर शेतकरी. पण हजेरीच्या बाबतीत मी कडक! प्रॉक्सी लावणारा आवाज मी पाठमोरा असूनही ओळखतो. जो वर्गात नाही त्याची हजेरी नाही, मग तो कोणाचाही कोणी असो.

धानाच्या रोवण्याच्या दिवसांत वर्ग रिकामा पडतो. असाच आठवडाभर गैरहजर राहून एक पोरगी आली. "सर, हजेरी लावून द्या ना. मी रोवण्याले गेली होती."

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो.

"सर, मी तुमच्याच बांधीत रोवून राह्यली होती. तुमच्या बाबाले विचारा!"

अख्खा वर्ग हसला. मी घरी जाऊन विचारलं. बाबा म्हणाले, "हो ना, पूर्ण आठवडा हजर होती. लय चांगली पोट्टी. लाव तिची हजेरी."

मी लावली नाही. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझं चुकलं नाही असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरलो.

०००

आता वनितानं ज्यांच्या मुलाखती घेतल्या, त्या बावीस बायकांचं सांगतो.

मुलाखतीआधी एका कागदावर संमती घ्यावी लागते. वनितानं तो वाचून दाखवला, "तुमचं नाव गुप्त ठेवण्यात येईल."

बायका भडकल्याच! "गुप्त काऊन? आमी का चोरी केली? तलाव आमचा, मासोळी आमची, अन् नाव लपवाचं?"

वनितानं खूप समजावलं. नियम आहे, कोणाला त्रास होऊ नये म्हणून असतो, नावाऐवजी नंबर लिहायचा. शेवटी बायका तयार झाल्या, पण एका अटीवर. प्रत्येकीला तिचा नंबर सांगायचा! तेव्हापासून त्या तलावाच्या पाळीवर एकमेकींना नंबरानंच हाका मारू लागल्या. "ओ बारा नंबर, जाळं धर!" वनिताची आई झाली सात नंबर.

सगळ्यात म्हाताऱ्या पारबताबाई. त्यांचा एकोणीस. लहानपणी त्या शाळेच्या दारात झिंगे विकायला बसायच्या. आत गुरुजी एकेक नंबर घ्यायचे, पोरं 'हजर' म्हणायची, आणि ह्या बाहेर बसून ऐकायच्या. वनिता गावाला गेली की दरवेळी त्यांचं एकच, "पोरी, नंबर तं देल्ला. बोलावशीन कधी?"

वनिता म्हणायची, "बोलावतील आजी. परीक्षेच्या दिवशी बोलावतील." तिनं आपलं म्हातारीच्या समाधानासाठी म्हटलेलं. पण पारबताबाईंनी ते धरून ठेवलं.

परीक्षेच्या आधीच्या हिवाळ्यात त्या गेल्या.

०००

प्रबंध तपासायला बाहेरचे एक परीक्षक होते. मोठा माणूस, शिस्तीचा, बोलणं एकदम छापील. त्यांचा अहवाल आला आणि वनिताच्या गाईडसरांचा चेहराच उतरला. त्यात लिहिलं होतं की या स्त्रियांची उत्तरं फार नेमकी आहेत, अशिक्षित स्त्रिया इतक्या पद्धतशीर बोलतील यावर विश्वास बसत नाही, मुलाखती खरोखर घेतल्या की संशोधिकेनं खोलीत बसून लिहिल्या, याचा खुलासा मौखिक परीक्षेत व्हावा.

आम्ही तिघांनी तो टपरीवर पुन्हा पुन्हा वाचला. खुलासा पटला नाही तर प्रबंध परत, सात वर्षं पाण्यात. आणि वर खोटारडी असा शिक्का! वनिता रडली नाही. एवढंच म्हणाली, "मले खोटं म्हटलं तं म्हणू दे. पण त्या बाया नाईतच म्हणते हा माणूस!"

घरी तिनं आईला सांगितलं, खुली परीक्षा आहे, कोणीही येऊन बसू शकतं.

आई म्हणाली, "कोणीही म्हणजे आमीबी ना?"

०००

आमच्याकडे खुल्या परीक्षेला पाच-सहा डोकी येतात, त्यातली निम्मी समोशासाठी. त्या दिवशी अकरा वाजता विभागासमोर टेम्पो थांबला आणि त्यातून नववारी, पाचवारी, ठेवणीतल्या साड्या नेसून बायका उतरल्या. हॉल भरला. शिपाईभाऊंनी दुसऱ्या विभागातून खुर्च्या आणल्या.

वनितानं मांडणी केली. मग परीक्षकसरांनी प्रबंध उघडला. "उत्तरदाती क्रमांक सात. त्या सांगतात की आषाढ-श्रावणात तलावाच्या एका कोपऱ्यात जाळे टाकत नाहीत. हे वाक्य नेमके कोणाचे आहे? तुमचे की त्यांचे?"

वनितानं तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "हजर, सर!"

वनिताची आई उभी होती. सर चष्म्यावरून बघतच राहिले.

"वाक्य माह्यं आहे. तिथी मासोळ्या अंडे टाकतेत. तुमच्या घरी बाळंतीण असली तं तुमी तिच्या खोलीत जाऊन भांडे वाजवता काय?"

हॉलमध्ये हशा पिकला. सर हसले नाहीत. त्यांनी प्रबंधाच्या शेवटचं परिशिष्ट उघडलं, नंबरांची यादी होती ते. एक प्रत पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या हातात दिली, वर पेनही दिलं. "तुम्ही प्राध्यापक ना? खुणा करा." आणि पहिल्यापासून नंबर घ्यायला लागले.

"एक."

"हजर, सर!"

"दोन."

"हजर!"

गुपित राखायचा नियम गेला बोंबलत. एकेक बाई पदर सावरून उभी राहत होती, ताठ! वनिता खाली बघत होती आणि माझी छाती अशी फुगली की जणू मीच त्या तलावात जन्मलो. पाच नंबरची बाळंतपणाला माहेरी गेली होती, चौदा नंबरची तलावावर राखणीला थांबली होती. सरांनी दोन्ही ठिकाणी "गैरहजर" म्हटलं, मी तसं लिहिलं.

"अठरा."

"हजर!"

"एकोणीस."

सरांनी पुन्हा विचारलं, "एकोणीस?"

वनिताची आई पुन्हा उभी राहिली. "हजर, सर."

मी मान वर केली. सर म्हणाले, "आपण तर सात ना?"

"सात मीच आहो. एकोणीस पारबताबाई. ते आता नाई, मागच्या हिवाळ्यात गेली. पण नंबर बोलावतीन तेव्हा 'हजर' म्हणाचं आहे, असं मले सांगून गेली."

माझं पेन एकोणीसच्या पुढे थांबलं. आयुष्यात एकही प्रॉक्सी न लावलेला माणूस मी. मी सरांकडे पाहिलं.

सर यादीकडेच बघत होते. मग इतका वेळ छापील बोलणारा तो माणूस मला म्हणाला, "लिहा ना, भाऊ! ते बाई सांगून राह्यली ना, हजर म्हणून!"