शाईतली नदी

मावशीच्या जेवणाच्या टेबलावर गेली दोन वर्षं कोणी जेवलेलं नाही. त्यावर एक अख्खं राज्य पसरलेलं असतं.

जमीनमोजणीच्या कार्यालयात एकतीस वर्षं नकाशे काढून मावशी निवृत्त झाली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही स्वस्थ बसेल. भाचीने तिला भलत्याच कामाला जुंपलं. दर रविवारी दुपारी भाची आणि तिचे तीन मित्र मावशीकडे फासे घेऊन एक खेळ खेळतात. भाची गोष्ट सांगते आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होऊन कल्पनेतल्या मुलखात भटकतात. त्या मुलखाचा नकाशा मावशीचा. सगळा कागद मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सहा बाजूंच्या घरांत आखलेला, आणि एक घर म्हणजे एका दिवसाची वाट.

"चौकोनात तिरपं चाललं की अंतर खोटं पडतं," मावशी येईल त्याला ऐकवते. "इथे सहाही शेजारी सारखेच लांब. दुजाभाव नाही."

तिचा नियम एकच. खेळाडूंचं पाऊल पडलं नाही ते घर पेन्सिलीत, पडलं की शाईत. पेन्सिल भाचीने हवी तेवढी खोडावी. शाईला हात लावायचा नाही.

भाचीने नेमका तिथेच हात घातला.

"मावशी, नदी तीन घरं पूर्वेला सरकव ना. येत्या रविवारी राजाचं सैन्य या तिघांच्या आधी किल्ल्यावर पोचायला हवं. नदी आडवी येतेय, माझी गोष्टच बोंबलणार."

"नदी शाईत आहे."

"अगं, खोटी नदी ती! कोणाच्या बापाचं काय जातंय?"

मावशीने हातातली पेन्सिल खाली ठेवली. हे वाक्य तिने आधी ऐकलं होतं, साहेबाच्या तोंडून. नोकरीच्या चौथ्या वर्षी त्याने नकाशावरचा एक ओढा करंगळीभर सरकवायला लावला आणि तिने मुकाट्याने सरकवला. वर्षभराने एक बाई खिडकीशी आली. तिची विहीर नव्या रेघेपलीकडे, शेजाऱ्याच्या हद्दीत गेली होती. "नकाशात तसंच आहे," असं त्या बाईला सांगणारी मावशीच होती. त्याची लाज तिला अजून वाटते.

"नाही सरकवणार," ती म्हणाली. "तेव्हा नोकरीला घाबरत होते. आता मला कोण काढणार?"

"मी काढीन." भाचीही तिचीच भाची. "कॉम्प्युटर दोन मिनिटांत नवा नकाशा देतो."

"मग त्यालाच सांग. आणि खेळायला टेबलही त्याच्याकडूनच माग."

रविवारी भाचीने खरोखरच रंगीत, छापील नकाशा आणला आणि जुन्यावर अंथरला. मावशी हाताची घडी घालून समोरच बसली. नकाशा झकास होता, हे तिलाही नाकारता येईना. मेली नदी काय निळीशार होती!

तीन मित्रांपैकी एक, खेळात नावाडी झालेला दातांचा डॉक्टर, बराच वेळ कागदावर बोट फिरवत राहिला.

"माझी होडी कुठाय?"

"कुठली होडी?" भाचीने विचारलं.

"चार महिन्यांपूर्वी इथे उतरलो तेव्हा खुंटाला बांधली होती. विकली नाही, बुडाली नाही. इथे तर नुसतं माळरान दिसतंय."

मावशीने छापील कागदाचा कोपरा उचलला. खाली, नदीकाठच्या घरात, तांदळाच्या दाण्याएवढी होडी होती, खुंटासकट.

"सांग त्याला, नकाशात तसंच आहे म्हणून," मावशी भाचीला म्हणाली. "मी एकदा सांगितलंय एका बाईला. अजून तोंड कडू आहे."

भाचीने तिच्याकडे पाहिलं आणि छापील नकाशा गुंडाळला. "मग माझं सैन्य पलीकडे येणार कसं?"

"पूल बांधायला लाव. तीन दिवस लागतील."

"तीन दिवस? तोवर आम्ही किल्ल्यावर!" डॉक्टर ओरडला. किल्ल्याकडची वाट बघायला तो नकाशावर वाकला आणि थबकला. "ही विहीर कोणाची? आम्ही इथे कधी गेलोच नाही, तरी शाईत?"

"एका बाईची आहे," मावशी म्हणाली. "ती आता कोणाच्या बापाला हलवता यायची नाही."