तेरा बाय चौदाची चौकट

माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती आणि चार महिन्यांपासून शाळेत जात नव्हती. ती बोलताना अडखळते. हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणताना ‘प’वर अडली की मागची बाकं तिच्याबरोबर ‘प-प-प’ करायची. दिवाळीनंतर एका सकाळी तिने बूट घातले आणि दारातच उलटी केली. सलग चार दिवस तेच. पाचव्या दिवशी बायको म्हणाली, “पुरे. आपण घरी शिकवू.” ती इस्पितळाच्या लॅबमध्ये असते. भाषा आणि विज्ञान तिने घेतलं, गणित माझ्याकडे आलं. मी कारखान्याच्या टूलरूममध्ये काम करतो, मापं घेण्यातच वर्षं गेली. मला वाटलं, गणित काय, सहज शिकवीन.

इंदूरला माझी थोरली बहीण गणित शिकवते. तिला हे अजिबात पटलं नव्हतं. फोनवर बरंच वाजलं आणि शेवटी ठरलं की मार्चमधल्या एका रविवारी ती आमच्याकडे, या हिंदी मुलखातल्या बरखेड्याला येईल, मुलीला तपासेल, आणि पोर कच्ची निघाली तर एप्रिलपासून पुन्हा शाळा. मुलीला आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं. पण दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये काय लपून राहतं?

रविवार आठवड्यावर आला आणि आम्ही गुणोत्तरावर अडकलो.

“लाल रंगाचे दोन डबे, पांढऱ्याचे तीन, की गुलाबी तयार होतो,” मी म्हटलं. “तोच गुलाबी हवाय आणि लाल चार डबे घेतले. पांढरे किती?”

“पाच.”

“कसे?”

“इकडे दोन ज्यादा दिले, मग तिकडे पण दोन. ब-बराबर झालं ना?”

मी तिरका गुणाकार करून दाखवला. तिने मान हलवली आणि पुढच्या उदाहरणात पुन्हा बेरीज केली. हे तीन दिवस चाललं. “पण असं आडवं-तिरपं का गुणायचं, बाबा?” तिने विचारलं. ते मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. मी ते नुसतं करत आलो होतो. चौथ्या दिवशी नववं उदाहरण तसंच चुकलं, तेव्हा मी वही आपटली आणि ओरडलो, “तुला शाळेतच टाकायला हवं!”

तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती एक शब्द बोलली नाही. संध्याकाळीही नाही, जेवतानाही नाही. बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावून हळू आवाजात विचारलं, “ज्याची तिला भीती वाटते, तेच दाखवून तुम्ही तिला गणित शिकवणार?”

दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली. तिने फक्त मान हलवली. शनिवारपर्यंत घरात तिचा आवाज नव्हता.

शनिवारी सकाळी ती जमिनीवर चित्र काढत बसली होती. तिच्या आईचा छोटा फोटो, तीन सेंटिमीटर रुंद, चार उंच, तिला मोठा करून काढायचा होता. कागदावर तिने पट्टीने चौकट आखली. मी बाजूने वाकून पाहिलं. तेरा बाय चौदा. दोन्ही बाजूंना दहा-दहा मिळवले होते. तीच चूक.

सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. खुर्चीवर बसून राहिलो. त्या तासाभरात मी वर्तमानपत्राचं एकच पान धरून होतो. ती काढत होती, खोडत होती, फुंकर मारत होती. कागद झिजायला आला. मला वाटलं, आता फाडून टाकेल आणि उद्याचं सगळं संपेल.

“बाबा.” तीन दिवसांनी पहिला शब्द. “आईचं तोंड भोपळा होतंय.”

“मग?”

तिने पट्टीने दोन्ही बाजू पुन्हा मोजल्या. “तीनाचे तेरा. म्हणजे चार पटीच्या वर गेले. आणि चाराचे चौदा. ते तर चार पट पण नाही झाले.” मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “दोघांना सारखं दि-दिलं, पण चौडाई जास्त वाढली.”

तिने नवा कागद घेतला आणि बारा बाय सोळाची चौकट आखली. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि तोंड धुतलं.

रविवारी ताई आली. तिने मुलीला समोर बसवलं आणि भराभर विचारायला सुरुवात केली. “बस तीन तासांत दीडशे किलोमीटर जाते. पाच तासांत किती?”

“अ... अ...”

मला ठाऊक होतं, तिला ‘अडीचशे’ म्हणायचंय. ताईला ते ठाऊक नव्हतं. “एका तासात किती जाते ते आधी काढ,” ती म्हणाली. बायकोने माझं मनगट घट्ट धरलं. मुलीने पेन्सिल उचलली आणि वहीवर २५० लिहिलं.

ताईने ते वाचलं. पुढचे प्रश्न तिने सावकाश विचारले आणि उत्तरं मुलीलाच लिहू दिली. शेवटी म्हणाली, “एक शर्ट उन्हात वाळायला दोन तास लागतात. पाच शर्टांना?”

दहा, मी मनात म्हटलं.

“दोन,” मुलगी म्हणाली. “सगळे सा-साथच वाळतील ना, आत्या.”

ताई हसली. मग वही मिटून तिने तो प्रश्न विचारला, जो आम्ही दोघांनी चार महिन्यांत एकदाही विचारला नव्हता. “तुला शाळेत जायचंय का गं?”

मुलीने वेळ घेतला. कोणी मध्ये बोललं नाही.

“अ-अजून नाही.”

त्या एप्रिलमध्ये ती घरीच राहिली. ताईने माझ्याकडून गणित काढून घेतलं. आता दर बुधवारी तिचा इंदूरहून फोन येतो, मुलगी खोलीचं दार लावून घेते आणि मला आत यायची परवानगी नसते. बाहेरून मला तिचं अडखळणं ऐकू येतं, आणि ती न थांबता बोलत राहते, तेही.